राजीखुशीनं

२२ एप्रिल २०२४, सोमवार. ओंगार, डब्लिन

मला न विचारता माझी बॅग उपसली. अकरा लुगडी घातली होती, इथं येऊन उघडते तर पाच. पितळी डबा नाही, देवाचे टाक नाहीत, माझं जाड पांघरूण नाही. रेवतीला विचारलं तर म्हणते, "आई, वजन जास्त होत होतं." मग तिची इस्त्री कशी आली? तिला काय पंख फुटले होते? "आणि थोड्या दिवसांसाठी एवढं कशाला," असंही बोलून गेली आणि लगेच भांड्यांकडं वळली. सून वाईट नाही, पण बोलताना तिचं ध्यान नसतं. थोडे दिवस म्हणे! जन्म काढायला आलोय इथं.

आता रीतसर लिहिते. मी हौसाबाई दत्तू मगदूम, वय एकाहत्तर, शिक्षण चौथी, राहणार कुपवाड, जिल्हा सांगली. वही आमच्या मसाल्याच्या कारखान्याची आहे, जुनी, कोरी राहिलेली. तारखा माझ्या मी घालते. बोलायला कोण नाही म्हणून लिहायला घेतलं.

आम्ही चौघं आलोय. माझा मुलगा शैलेंद्र, सून रेवती, नात स्वरांगी, ती सोळाची, आणि मी. उतरलोय रेवतीच्या भावाकडं, आशुतोषकडं. तो इथं चिपा बनवायच्या कारखान्यात इंजिनियर आहे. खायच्या चिपा नव्हेत, कॉम्प्युटरच्या.

इथल्या सरकारची एक योजना होती. परदेशी पैसेवाल्यानं इथल्या एखाद्या चांगल्या कामाला घसघशीत दान द्यायचं, मग सरकार त्याला राहायला परवानगी देणार. मोठा अभिषेक केला की गाभाऱ्यात सोडतात तसलंच. योजना गेल्या वर्षी बंद झाली, पण आमचा अर्ज बंद व्हायच्या आधी दोन दिवस गेलाय, त्याचा निकाल अजून यायचाय. मंजुरी आली की दान द्यायचं, तोवर पैसा बँकेत. पैसा माझ्या कारखान्याचा. मिरची कांडपाच्या एका डंखावर, कुटायच्या यंत्रावर, सुरू केला होता मी. आमचे मालक, स्वरांगीचे आजोबा, गेल्यावर तो माझ्या नावावर झाला, मग विकला, आणि आलेलं सगळं मी शैलेंद्रला बक्षीसपत्रानं दिलं, कारण अर्जात पैसा एकाच्या नावावर दिसायला लागतो म्हणाला. सांगलीच्या फ्लॅटचाही इसार घेऊन झालाय. मागं काही ठेवलेलं नाही. परत जायचं म्हटलं तरी जायला दार नाही, हे बरंच आहे. मन इकडं-तिकडं होत नाही.

२५ एप्रिल

मिरची भाजली आणि छप्पर ओरडायला लागलं. धूर झाला की वाजणारी डबी असते म्हणे. आशुतोषचा मुलगा अद्वय सहा वर्षांचा, तो कानावर हात ठेवून नाचला. शेजारची गोरी बाई दारात आली. मी हात जोडले, तिनं अंगठा दाखवला आणि "ग्रँड, ग्रँड" म्हणत गेली. इथं सगळंच ग्रँड. पाऊस पडला तरी ग्रँड, बस चुकली तरी ग्रँड. कपाटाला प्रेस म्हणतात. मी अद्वयला म्हटलं, "अरे, प्रेसमध्ये कागद छापतात." त्याला मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत देतो. उत्तर दिल्यासारखं वाटतही नाही, गाणं म्हटल्यासारखं वाटतं.

चित्राला फोन केला. चित्रा माझी मुलगी, मिरजेला असते. घरीच शिलाई करते, जावई खाजगी गाड्यांच्या गॅरेजात आहे. दोन खोल्यांचं घर. म्हणाली, "जेवलीस का?" मी म्हटलं, जेवले. आणि फोन ठेवला.

३ मे, शुक्रवार

आज दान घेणारी जागा बघायला गेलो. तीन तास गाडीत. कॉर्कच्या पुढं, रिंगास्किडीच्या अलीकडं, समुद्राला लागून. औषधांच्या कारखान्यांच्या चिमण्या लांबून दिसतात. जागा म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं दिवसभर बसायचं केंद्र. जेवण मिळतं, पाय चोळायला बाई येते, पत्ते खेळतात. आमच्या पैशानं मागं नवा दिवाणखाना बांधणार. दारावर नाव लागणार.

तिथली मोठी बाई नोरा. पांढरे केस, पुरुषासारखे बूट, हात माझ्यासारखेच खरबरीत. तिनं म्हाताऱ्यांच्या ओळीत मला खुर्ची दिली, चहा दिला, केक दिला. शेजारच्या म्हातारीनं माझ्या लुगड्याचा काठ बोटांत धरून बघितला. मी म्हटलं, इरकली आहे, ओढू नको. तिनं मान हलवली. चांगलं जमलं आमचं.

मग नोरानं माझ्याकडं बोट केलं, खाली जमिनीकडं बोट केलं आणि शैलेंद्रला काहीतरी विचारलं. शैलेंद्र हसत हसत दोन वाक्यं बोलला. नोराचा चेहरा उतरला. माझ्याकडं बघितलं, पुन्हा त्याच्याकडं बघितलं. निघताना माझा हात धरला तो सोडेचना.

गाडीत विचारलं, "काय म्हणत होती रे?"

"तुला जागा आवडली का विचारत होती."

"मग एवढं वाईट वाटून का घेतलं तिनं? मी केक तर संपवला."

"इथली माणसं तशीच असतात, आई."

असतील. थंडीत राहून चेहरा लवकर पडत असेल.

मी म्हटलं, दारावरच्या पाटीवर दत्तू मगदूम लिहा. मालकांचं नाव परदेशात लागू दे. रेवती म्हणाली, "ते फॅमिली म्हणून लागतं, आई. अर्जातली फॅमिली." मग त्यात माझंही येईल. चालेल.

११ मे, शनिवार

ओळख झाली एकीची. मुलांच्या घसरगुंडीजवळच्या बाकावर ही रोज येऊन बसते, हातात मराठी पुस्तक. वसुधाबाई, पुण्याच्या. मुलगी इथं सॉफ्टवेअरमध्ये, नातवाला सांभाळायला आल्यात. पुण्यात दस्त नोंदणीच्या कचेरीत तीस वर्षं नोकरी करून रिटायर झाल्या. मी म्हटलं, मग तुम्ही सगळ्या महाराष्ट्राची भांडणं बघितली असतील.

"भांडणं कमी बघितली," म्हणाल्या. "सह्याच जास्त. सोमवारी-गुरुवारी हक्कसोडपत्रांची गर्दी. बहिणी नव्या साड्या नेसून बाकावर बसायच्या. भाऊ पेढे आणायचे. मी विचारायचे, राजीखुशीनं सोडताय ना? सगळ्या हो म्हणायच्या. त्यांचं लक्ष भावाच्या तोंडाकडं असायचं."

मी म्हटलं, "आमच्यात रीतच आहे. मी पण घेतलं माझ्या चित्राकडून. मालक गेल्यावर. पैठणी दिली, चांगली."

"कुणाच्या नावे सोडलं तिनं?"

"माझ्या."

"वाचून दाखवलं होतं तिला?"

"घरातलंच होतं. वाचायचं काय त्यात?"

वसुधाबाईंनी पुस्तक मिटलं आणि घसरगुंडीकडं बघत बसल्या. पुण्याची माणसं गप्प बसूनही टोमणा मारतात.

पण बाई कामाची आहे. सांगलीतून आलेल्या लाल तिखटाची पुडी उद्या नेऊन देते तिला.

१९ मे

चित्राचा फोन. नेहमी मीच करते, आज तिनं केला. म्हणाली, "दादानं सांगितलंय आतली खोली जुलैपासून मोकळी करून ठेव. ह्यांचा शिलाईच्या मशिनी हलवायचा विचार चाललाय. तुला खाट चालेल की जमिनीवरच?"

मी म्हटलं, "मला कशाला खाट? सामान ठेवायचं असेल त्याला. फ्लॅटमधलं."

ती म्हणाली, "असेल."

माझी तक्रार आहे की ही पोरगी कधी नीट बोलत नाही. लहानपणापासून अर्धं बोलते आणि उरलेलं आपण ओळखायचं. शैलेंद्र तसा नाही, तो सगळं समजावून सांगतो.

२७ मे, सोमवार

पत्र आलं. बॉल्सब्रिजला आमचा वकील आहे, त्याच्याकडं आलं आणि त्यानं शैलेंद्रला पाठवलं. घरात कुणी मेल्यासारखं झालं. रेवती कणीक मळता मळता थांबली. आशुतोष कामावर जायचा होता, तो बूट घालून तसाच सोफ्यावर.

शैलेंद्रनं मला समोर बसवलं. "आई, घाबरण्यासारखं काही नाही. सरकारला बघायचंय पैसा कुठून आला. बाबांचा कारखाना, मग चित्रानं तिचा हिस्सा तुला सोडला, मग तू मला दिलास. त्यांना तुझ्याकडून आणि चित्राकडून एकेक कागद पाहिजे. तुम्ही हे मनानं केलं असा."

"मग केलंय की मनानं."

"तेच लिहायचं. मी टाईप करून आणतो, तू सही कर. १४ जूनच्या आत द्यायचंय. नाहीतर अर्ज रद्द. योजना बंद झाल्यामुळं पुन्हा घालता येणार नाही."

"आणि चित्राचा?"

"तिचाही मी टाईप करून पाठवतो. तू फक्त फोनवर सांग. तुझं ऐकते ती."

ऐकते खरं. मी सांगितलं आणि तिनं ऐकलं नाही असं एकदाच झालं, लग्नाच्या वेळी. म्हणून तर गॅरेजवाला जावई आहे.

२९ मे

कागद आणला. इंग्रजीत, दोन पानं. खाली माझं नाव आणि रेघ.

सही करणारच होते. पेन हातात होतं. पण सांगते, चाळीस वर्षं मिरची घेतली. पोत्याच्या तळापर्यंत हात घातल्याशिवाय एक पोतं उतरवून घेतलं नाही. वर ब्याडगी दिसते आणि खाली गेल्या वर्षीचा भुसा असतो. व्यापारी माझ्या नावानं बोटं मोडायचे. आणि हा मुलगा बक्षीसपत्र घेऊन आला तेव्हा मी हात घातला नाही, कारण मुलगा. आज काय झालं ठाऊक नाही. तो रेघेवर बोट ठेवून उभा होता आणि दुसरा हात वरच्या मजकुरावर पसरला होता. मिरचीवाले असंच पोत्यावर हात ठेवून उभे राहायचे.

मी म्हटलं, "वाचून दाखव."

"तेच आहे गं, मनानं दिलं म्हणून."

"दोन पानं भरून मनानं दिलं?"

"आई, इंग्रजी असंच लांबट असतं."

मी म्हटलं, उद्या करते, चष्मा सापडत नाही. चष्मा डोळ्यांवरच होता. त्याच्या लक्षातही आलं नाही.

३० मे, गुरुवार

कागद पदराखाली घेऊन बाकावर गेले. वसुधाबाईंनी पहिल्यांदा सगळा स्वतःशी वाचला, बाजूला जाऊन मुलीला फोन केला. मग म्हणाल्या, "हौसाबाई, जसं आहे तसं वाचू, का थोडं गोड करून?"

"मी मसाल्याची बाई आहे. जसं आहे तसं वाचा."

तर लिहिलंय असं. मी हौसाबाई, माझा सगळा पैसा माझ्या मुलाला प्रेमापोटी दिला. त्यावर माझा काही हक्क उरला नाही. अर्ज मुलाचा, त्याच्या बायकोचा आणि मुलीचा आहे. मी अर्जात नाही, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. मी आयर्लंडला तीन महिन्यांच्या पाहुण्या व्हिसावर आले आहे आणि ८ जुलैला परत जाणार आहे. माझी मुलगी चित्रा मला सांभाळते आणि इथून पुढं सांभाळणार आहे, मिरज येथे. तिच्याकडं मला स्वतंत्र खोली आहे. हे सगळं मी राजीखुशीनं लिहून देते.

मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. माझं नाव गाळलं असेल चुकून, असं वाटलं मला. विचारलं, "टाईप करताना राहिलं असेल काय?"

"राहिलेलं नाही. ह्या योजनेत नवरा, बायको आणि लहान मुलं एवढीच येतात. आई येत नाही. मी मघाशी मुलीला फोनवर विचारून घेतलं, नियमच तसा होता. पहिल्या दिवसापासून."

"म्हणजे त्याला ठाऊक होतं?"

वसुधाबाई म्हणाल्या, "अर्ज भरणाऱ्याला ठाऊक असणारच."

पाऊस आला. इथला पाऊस, धड पडत नाही आणि धड थांबत नाही. आम्ही बसून राहिलो. एक बाई कुत्रं घेऊन गेली, तिनं "लव्हली डे" म्हटलं. वसुधाबाई उत्तर द्यायला लागल्या तेवढ्यात मी म्हटलं, तिला म्हणावं, ग्रँड.

लुगडी पाच का आली ते कळलं. नोराचा चेहरा का पडला तेही. मी आपली केकाचा हिशेब लावत बसले होते.

३१ मे, शुक्रवार

सकाळी सगळे चहाला होते. मी कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "शैल्या, ८ जुलैला मी कुठं जाणार आहे?"

रेवती उठायला लागली. मी म्हटलं, "बस. इस्त्री नंतर कर."

शैलेंद्र म्हणाला, "कुणी वाचून दाखवलं?"

"ते महत्त्वाचं काय? तू दाखवला नाहीस."

"आई, नियम मी केला नाही. त्यांच्यात आईला जागा नाही."

"त्यांच्यात नाही, ते कळलं. तू दीड वर्ष सांगितलं नाहीस, तो कुणाचा नियम?"

"नंतर तुझ्यासाठी वेगळा अर्ज करणार होतो. आम्ही एकदा स्थिर झालो की."

"कसला अर्ज? नाव सांग त्याचं."

रेवती मधेच म्हणाली, "आई, स्वरांगीचं अठरावं लागायच्या आत व्हायला पाहिजे होतं सगळं. तिच्यासाठीच चाललंय." स्वरांगी म्हणाली, "माझं नाव घेऊ नकोस गं मम्मी." मग माझ्याकडं वळली. "आजी, मला वाटलं तुला माहितेय. सगळे तसंच बोलत होते."

मी शैलेंद्रला म्हटलं, "एक सांग. मला सांगितलं असतंस तर काय झालं असतं?"

तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू सही केली असतीस का?"

बोलला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं, तोंड फिरवलं त्यानं. पण बोलायचं ते बोलून झालं होतं. बक्षीसपत्राच्या दिवशी हाच मुलगा मला रिक्षातून उतरवताना हात धरत होता, पायरी सांभाळ म्हणत होता.

मी चहा पिऊन घेतला. चहा काय वाया घालवायचा.

१ जून, शनिवार

चित्राला सगळं सांगितलं. रडले नाही, तिला रडू दिलं नाही. तिला रडायचं नव्हतंच.

म्हणाली, "तुला जुलैत इथं यायचंय हे मला ठाऊक होतं. तुला ठाऊक नाही हे मला त्या दिवशी फोनवर कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"दादा तुला सगळं समजावून सांगतो ना."

मी म्हटलं, "टोमणे मारायची ही वेळ आहे काय गं? भावानं फसवलं मला. न वाचता सही घेतली. एवढ्या वर्षांची कमाई..."

शिलाई मशीन चालू होतं तिकडं. ते चालूच ठेवून म्हणाली, "तुला निदान कुणीतरी बाकावर बसून वाचून दाखवलं. मला कुणी दाखवलं होतं?"

"तुझं वेगळं होतं."

"काय वेगळं? तू म्हणालीस, चित्रा, मी जिवंत आहे तोवर मला कुणापुढं हात पसरायला लागू नये, म्हणून तुझा हिस्सा माझ्या नावे कर. मी म्हातारपणी आईला कमी पडू नये म्हणून केली सही. वर्षाच्या आत तू कारखाना विकलास आणि सगळं दादाला दिलंस. बक्षीसपत्र झाल्याचं मला गल्लीतल्या बाईनं सांगितलं. मी तुला विचारलं का कधी?"

नाही विचारलं. हे मी कबूल करते. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, तुला पैठणी दिली नव्हती काय.

मी तिला म्हटलं, "तेव्हा तुला सांगितलं असतं तर तू सही केली असतीस?" आणि माझ्या तोंडातून शैलेंद्रचंच वाक्य निघालं हे मला बोलून झाल्यावर कळलं.

"केली असती," म्हणाली. "तुला तेवढंही ओळखता आलं नाही."

आणि मग मशीनचा आवाज वाढला. गिऱ्हाईक आलंय म्हणाली.

४ जून, मंगळवार

वसुधाबाईंना घेऊन बॉल्सब्रिजला गेले, वकिलाकडं. क्लोन्सिलाहून गाडी, पुढं बस. सगळीकडं परक्या देशांची निशाणं लावलेले बंगले. आमचं पण आहे इथं कुठंतरी, वसुधाबाई म्हणाल्या. त्यांना इंग्रजी येतं, पण इथल्या माणसांचं इंग्रजी त्यांनाही दोनदा विचारायला लागतं.

वकील चांगला माणूस निघाला, हे कबूल केलं पाहिजे. वाईट असता तर मला बरं पडलं असतं. म्हणाला, मी तुमच्या मुलाचा वकील आहे, तुम्हाला सल्ला देऊ शकत नाही, तुम्ही तुमचा वेगळा वकील करा. पण एवढं सांगतो की कागदावर जे खरं नाही त्यावर सही करू नका, आणि तसा कागद माझ्या हातून सरकारकडं जाणार नाही.

मग त्यानं विचारलं, "तुम्हाला स्वतःला कुठं राहायचंय?"

वसुधाबाईंनी मराठीत सांगितलं तरी मी त्यांना पुन्हा विचारलं, काय म्हणाला? कारखाना विकताना, फ्लॅटचा इसार घेताना, विमानात बसवताना, कधीच कुणी हे विचारलं नव्हतं मला. आणि मला उत्तर येईना. चाळीस माणसं कामाला होती माझ्या हाताखाली, त्यांना मी जागच्या जागी उत्तरं द्यायची.

मी म्हटलं, "त्याला म्हणावं, मला न विचारता ठरवलेल्या जागी नाही. पुढचं नंतर सांगते."

येताना वसुधाबाई म्हणाल्या, "मुलावर केस कराल?" मी म्हटलं, "तुम्ही तीस वर्षं त्या बहिणींना राजीखुशी विचारत बसलात. एकीलाही वाचून दाखवलंत का?" आज माझाही टोमणा पुणेरी झाला.

७ जून, शुक्रवार

शैलेंद्रनं तीन दिवस जेवण धड केलं नाही. दाढी वाढलीय. काल माझ्या पायाशी येऊन बसला आणि म्हणाला, नवीन कागद करतो, त्यात तुला काय पाहिजे ते लिहितो, फ्लॅट ठेवतो तुझ्यासाठी, इसार परत करतो, पण सही कर. माझंच पोर आहे. डोक्यावर हात ठेवावासा वाटला, ठेवला. सही केली नाही.

अर्जाच्या फायलीत चित्राच्या हक्कसोडपत्राची नक्कल आहे, मराठीत. आज दुपारी वसुधाबाईंना घरी बोलावलं. शैलेंद्र आणि रेवती समोर बसले. मिरजेला फोन लावला आणि मी म्हटलं, "चित्रा, मशीन बंद कर. तुझा कागद तुला वाचून दाखवायचाय."

वसुधाबाईंनी शब्दन् शब्द वाचला. गट नंबर, चतुःसीमा, इमारत, यंत्रं, कारखान्याचं नाव. किंमत किती धरली होती ती. आणि शेवटी, कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीनं, कायमचा. एवढी किंमत धरली होती हे चित्राला आज कळलं.

मग म्हणाली, "झालं वाचून?"

मी म्हटलं, "झालं. आता हा दुसरा, माझा. ह्यात लिहिलंय की तू मला सांभाळणार. तेही तुला कुणी विचारलेलं नाही." तोही वाचला.

"मग मी आता काय करू, सांग," म्हणाली.

मी म्हटलं, "सांगणार नाही. सांगायचं ते मी एकदा सांगितलंय आणि त्याचं काय झालं ते तू आत्ता ऐकलंस."

"माझ्या डोक्यावर टाकतेस व्हय?"

"टाकते. तुझं होतं ते तुझ्याकडं टाकते. पाहिजे तर दोन दिवस शिव्या दे मला."

"दोन दिवसांत नाही व्हायच्या," म्हणाली. हसली की काय कळलं नाही. माफी मी मागितली नाही. तसलं काही माझ्याच्यानं होत नाही, आणि तिला त्याचं काही करताही आलं नसतं.

शैलेंद्र उठून उभा राहिला. "आई, ती नाही म्हणाली तर सगळं गेलं. स्वरांगीचं, आमचं, दीड वर्षाचं." मी म्हटलं, जाईल. ती हो म्हणाली तर राहील. मला सांभाळणार का, हे पण तीच सांगेल, आणि नाही म्हणाली तर मी नोराच्या म्हाताऱ्यांकडं पत्ते शिकायला जाते, नाहीतर कुपवाडात खोली घेते. तुला त्याची काळजी नको.

तो पुन्हा कागद माझ्यापुढं सरकवायला लागला. म्हणून खाली लिहिते ते पान फाडून प्रेसच्या दारावर लावणार आहे, सगळ्यांना दिसेल असं. वाचता येत नाही असं ह्या घरात कुणी म्हणू शकत नाही.

शैलेंद्र, सरकारच्या पत्राला तू काही टाईप करायचं नाहीस. रेवतीनं चित्राला फोन करायचा नाही, आशुतोषनं मधे पडायचं नाही. तिच्या उत्तराआधी मीही सही करणार नाही. पत्राची नक्कल आजच मिरजेला पाठव, मराठी करून, एक ओळ न गाळता. पैसा कुणाचा होता, कुणी कसा सोडला आणि म्हातारी कुठं राहणार, ह्या तिन्हीचं उत्तर चित्रा देईल. तिनं द्यायचं, तिच्या शब्दांत, आणि ते येईपर्यंत बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं.